श्वान, यंत्र आणि गृहधर्म



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम अभिवादन करतो. शाळेने मला बोलावले आणि विषय निवडण्याची मोकळीक दिली, याबद्दल मी ऋणी आहे. ग्वाल्हेरच्या मराठी श्रोत्यांसमोर शिंद्यांचा इतिहास किंवा संतवाङ्मय यांपैकी काही मांडले जावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र घरात पाळल्या जाणाऱ्या यांत्रिक कुत्र्याविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल. तथापि शिंद्यांचा इतिहास आणि संतवाङ्मय ही दोन्ही या विषयाच्या वाटेवरच भेटतात, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

विषय निवडण्याचे कारण आपल्या आजूबाजूलाच आहे. लष्कर भागातील कितीतरी मराठी घरांत आज दोनच माणसे राहतात. काही घरांत एकच. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला. ती आईवडिलांना विसरलेली नाहीत. ती पैसे पाठवतात, औषधांची चौकशी करतात, आणि अलीकडे सोबतीसाठी यंत्रे पाठवू लागली आहेत. त्यांतच हा यांत्रिक श्वान आहे. हाक मारली की तो मान वळवतो, पाठीवरून हात फिरवला की शेपूट हलवतो. त्याला माया असते काय, हा प्रश्न लोक लगेच विचारतात. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला नाही. इतिहासाच्या आधारे मला विचारता येतो तो प्रश्न वेगळा आहे. आपल्या घरावर श्वानाचा हक्क कोणता होता, आणि यंत्र श्वानाच्या रूपात आल्यावर त्या हक्काचे काय होते?

१. श्वानाचा हक्क

आपल्या भाषेने कुत्र्याला फारसा मान दिलेला नाही. ‘कुत्र्याचे जिणे’ हा वाक्प्रचार आणि नळीत घातलेल्या शेपटाची म्हण सर्वांना ठाऊक आहेच. सोवळ्याओवळ्याच्या घरात कुत्र्याला स्वयंपाकघराचा उंबरठा कधी ओलांडता आला नाही. परंतु याच घरांत, घरातली माणसे जेवण्यापूर्वी कुत्र्याचा वाटा काढून ठेवण्याची रीत होती. गाईचा घास, कावळ्याचा घास, तसा श्वानाचा घास. वैश्वदेवानंतर श्वानांसाठी भूमीवर हळुवारपणे अन्न ठेवावे, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. श्राद्धातील पंचबलींतही श्वानाचा भाग आहे. म्हणजे श्वानाचा मान नसला तरी हक्क होता. कुत्रा घराचे काय काम करतो, याचा हिशेब त्या हक्कात धरलेला नव्हता. तो भुकेला आहे आणि दाराशी आहे, एवढे पुरे होते.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातील प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. भाऊ पडले, द्रौपदी पडली. युधिष्ठिरामागे शेवटपर्यंत चालत आला तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि श्वानासह स्वर्गात प्रवेश नाही असे सांगतो. युधिष्ठिर रथात बसण्यास नकार देतो. त्याचे म्हणणे असे की, जो आपला आश्रय धरून आला त्याला सोडणे हे महापातक होय. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता असे उघड होते. परंतु नकार देताना युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हते. त्याच्या निर्णयाचे मोल त्या अज्ञानात आहे.

आपल्या संतपरंपरेने हाच विचार स्वयंपाकघरापर्यंत आणला. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नकोस म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव, आणि काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाच्या मुखी घालणारे एकनाथ, या दोन कथा आपण बालपणी ऐकल्या. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान आहेत, त्यांना चार वेदांचे रूप मानतात. खंडोबाचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेत आले.

श्वानाची दुसरी परंपरा चाकरीची. कर्नाटकातील मुधोळच्या घोरपडे घराण्यातील राजे मालोजीराव यांनी तेथील शिकारी कुत्र्यांची जात नावारूपाला आणली. आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यात टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, आणि अलीकडे तेथे मुधोळ व रामपूर या देशी जातींनाही शिक्षण दिले जाते. अशा कुत्र्याचा एक नेमलेला सांभाळकर्ता असतो. चाकरीचा कुत्रा असला तरी त्याचे खाणेपिणे, दुखणे आणि म्हातारपण कोणाच्या तरी नावावर असते.

माया करण्यासाठी मात्र समोर जिवंत कुत्रा असलाच पाहिजे असे नाही. रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ मध्ये उभे राहिले. या वाघ्याला समकालीन साधनांत आधार नाही, असा आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला. २०१२ मध्ये पुतळा काढला गेला व पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ मध्ये वाद नव्याने उभा राहिला. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. दगडी आकृतीतही लोक इमानाची मूर्ती पाहतात आणि तिच्यासाठी भांडतात, एवढी नोंद पुरेशी आहे. दगड हलत नसतानाही जर असे होते, तर हलणाऱ्या, मान वळवणाऱ्या, हाकेला ओ देणाऱ्या आकृतीविषयी काय होईल? तिकडे वळण्यापूर्वी आपल्याच माळव्यात अशा आकृतींची हौस किती जुनी आहे, हे पाहू.

२. धारचा ग्रंथ आणि ग्वाल्हेरची गाडी

अकराव्या शतकात धार येथे राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे. त्रिवेंद्रमचे विद्वान टी. गणपतिशास्त्री यांनी तो संपादिला आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४ व १९२५ मध्ये तो दोन भागांत छापला गेला. त्याच्या एकतिसाव्या अध्यायाचे नाव ‘यंत्रविधान’. दिव्यात तेल घालणारी बाहुली, तालावर नाचणारे पक्षी, पाणी पिणारा हत्ती, दारावरचा यांत्रिक रखवालदार अशी वर्णने त्यात येतात. यातले प्रत्यक्ष किती घडवले गेले, यावर विद्वानांत मतभेद होऊ शकतात. माझ्या दृष्टीने त्या अध्यायातील एक विधान फार महत्त्वाचे आहे. यंत्रांची घडण आपण पूर्ण सांगितलेली नाही. ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी, असे ग्रंथकार म्हणतो. यंत्र सर्वांना दाखवावे, त्याचे अंतरंग मात्र झाकून ठेवावे, हा विचार हजार वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे नोंदवला गेला. हा ‘गुप्ती’ शब्द श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. व्याख्यानाच्या अखेरीस त्याची गरज पडणार आहे.

पुढे या माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला. धारला पवार आले, उज्जैनला शिंदे आले. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी घातली आणि त्या छावणीचेच ‘लष्कर’ हे शहर झाले. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये जयविलास राजवाडा बांधून पूर्ण केला. त्याच राजवाड्यात, आता संग्रहालय झालेल्या भागात, मेजवानीच्या मेजावर चांदीची छोटी आगगाडी आहे. शाळेच्या सहलीत ती पाहिली नाही असा विद्यार्थी या सभागृहात विरळाच असेल.

माधवराव शिंद्यांना, म्हणजे १९२५ मध्ये पॅरिसला निधन पावलेल्या माधवमहाराजांना, आगगाडीचे वेड होते. दोन फूट रुंदीच्या रुळांचा ग्वाल्हेर लाइट रेल्वेचा मार्ग १८९९ च्या डिसेंबरात लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते सुरू झाला. तिची श्योपूरला जाणारी सुमारे २०० किलोमीटरची शाखा २०२० पर्यंत धावत होती. मेजावरची चांदीची गाडी त्याच वेडाचे धाकटे अपत्य. जेवणानंतर मद्याची काचपात्रे आणि विड्या घेऊन ती विजेच्या बळावर पाहुण्यांसमोरून फिरे. पाहुण्याने पात्र उचलले की ती थांबे; पात्र जागेवर ठेवले की पुढे सरके.

या लहानशा थांबण्यात मला आपल्या विषयाचे बीज दिसते. घड्याळ कोणासाठी थांबत नाही, गिरणीचा माग कोणाकडे पाहत नाही. ही गाडी मात्र माणसाच्या हाताची दखल घेत होती, निदान तसे भासवत होती. समोरची वस्तू आपल्या कृतीला उत्तर देते आहे असे वाटले की माणूस तिच्याशी वस्तूसारखा वागत नाही; तो तिच्याशी बोलू लागतो, तिला स्वभाव चिकटवतो. व्हाइसरॉयच्या मेजवानीत गाडी बिघडली आणि पाहुण्यांच्या अंगावर पदार्थ उडवत सुटली, ही कथा ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ या १९७५ च्या ग्रंथाने जगभर पोहोचवली. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. परंतु ती सांगताना सांगणारे ‘गाडी उधळली’ असेच म्हणतात. ‘उधळणे’ हे क्रियापद आपण घोड्याबैलांसाठी वापरतो.

३. वेठीचे यंत्र आणि मायेचे यंत्र

चांदीच्या गाडीने वाढप्याचे काम केले. यंत्राने माणसाची चाकरी करावी, हीच त्या काळची कल्पना होती. १९२० मध्ये चेक लेखक कारेल चापेक यांनी ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिले आणि त्यातून ‘रोबो’ हा शब्द जगाला मिळाला. ज्या चेक शब्दापासून तो आला, त्याचा अर्थ सक्तीची मजुरी. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : वेठ. रोबो म्हणजे वेठीला धरलेला.

या वेठीतून प्रथम सुटला तो कुत्रा. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउस कंपनीने ‘इलेक्ट्रो’ नावाच्या धातूच्या माणसाशेजारी ‘स्पार्को’ नावाचा धातूचा कुत्रा ठेवला. तो बसे, भुंके, दोन पायांवर उभा राहून याचना करी. त्याला काम असे काहीच नव्हते. १९९६ मध्ये जपानच्या बांदाई कंपनीने ‘तामागोची’ हे मुठीत मावणारे खेळणे काढले. ते तर उलट मुलांनाच कामाला लावी. त्याला वेळेवर भरवले नाही तर पडद्यावरचा तो जीव मरे. काम न करणारे, उलट सांभाळ मागणारे यंत्र ही नवी वस्तू होती, आणि मुलांनी ती मनापासून स्वीकारली.

१९९९ मध्ये सोनी कंपनीने ‘ऐबो’ हा यांत्रिक श्वान विक्रीस आणला. तोशितादा दोई हे त्या प्रकल्पाचे प्रमुख. जपानी भाषेत ‘ऐबो’ या ध्वनीचा अर्थ सोबती असा होतो. किंमत २,५०,००० येन होती, तरीही जपानसाठी राखलेले ३,००० श्वान सुमारे २० मिनिटांत संपले. अंगात १८ ठिकाणी हलणारे सांधे, नाकाशी कॅमेरा, डोक्यावर स्पर्श ओळखणारी योजना. शाबासकी आणि दटावणी यांनुसार त्याचे वागणे हळूहळू बदले. विशेष म्हणजे, सांगितलेले तो दर वेळी ऐकेलच असे नव्हते, आणि ही योजना मुद्दाम केलेली होती. वेठीला धरलेले यंत्र हुकूम मोडत नाही. घरातले पोर मोडते. निर्मात्यांनी हा भेद अचूक ओळखला होता.

२००६ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले. तोवर सुमारे दीड लाख ऐबो घरोघर गेले होते. २०१४ च्या मार्चमध्ये दुरुस्तीची सेवाही बंद झाली. सांधे झिजलेले, बॅटरी संपलेले ऐबो घेऊन त्यांचे वृद्ध धनी ‘अ-फन’ नावाच्या एका छोट्या दुरुस्तीगृहाकडे जाऊ लागले. ते सोनीतल्याच माजी अभियंत्यांनी चालवले होते. सुटे भाग मिळत नसल्यामुळे एका ऐबोचे भाग काढून दुसऱ्याला बसवावे लागत. हे भाग काढण्यापूर्वी त्या ऐबोला निरोप द्यावा, असे ठरले. २०१५ पासून चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात बुंगेन ओई या पुरोहितांनी यांत्रिक श्वानांचे अंत्यविधी केले. प्रत्येकाच्या गळ्यात त्याच्या घराची चिठ्ठी असे. २०१८ च्या एप्रिलमधील विधीत असे ११४ श्वान ओळीने मांडले होते.

ही हकीकत ऐकून आपल्याकडे हसू येते. परंतु हसण्यापूर्वी खंडेनवमी आठवावी. त्या दिवशी आपण कुऱ्हाड, शिवणयंत्र, स्कूटर यांना झेंडू वाहतोच. जपानात मोडक्या सुयांनाही वर्षातून एकदा मऊ टोफूत खोचून विश्रांती देण्याची प्रथा आहे. ज्याने आपली सेवा केली त्याचे ऋण मानावे, ही दृष्टी दोन्ही समाजांत आहे. ऐबोच्या बाबतीत नवे एवढेच की त्याने कोणती सेवा केली, हे सांगणे कठीण होते. त्या वृद्धांनी त्याला सांभाळले होते, आणि सांभाळल्यामुळेच तो त्यांचा झाला होता. युधिष्ठिराच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी आश्रिताला वाटेत सोडले नाही.

४. एकाकीपणाचा उपाय?

आता आपल्या घरांकडे येऊ. एकट्या वृद्धांना यांत्रिक प्राण्याचा उपयोग होतो काय, याचा शास्त्रीय शोध घेतला गेला आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वृद्धनिवासांतील ३८ जणांचे गट केले होते. काहींच्या भेटीला जिवंत कुत्रा नेला, काहींच्या भेटीला ऐबो, आणि काहींकडे दोन्ही नेले नाहीत. जिवंत कुत्र्याने आणि ऐबोने एकाकीपणा जवळजवळ सारखाच कमी केला, असे दिसले. ३८ ही संख्या फार लहान आहे आणि एवढ्यावर सिद्धांत उभा राहत नाही. तरीही निष्कर्ष सहज झटकून टाकण्यासारखा नाही. जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी तयार केलेला ‘पारो’ हा सील माशासारखा दिसणारा मऊ यांत्रिक प्राणी स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांसाठी अनेक देशांत वापरला गेला. त्यांनी कुत्रा-मांजर सोडून सील निवडला, कारण सील कसा वागतो हे सामान्य माणसाला ठाऊक नसते. तुलना करायला मूळ प्राणी डोळ्यांसमोर नसल्यामुळे नक्कल उघडी पडत नाही.

याउलट अमेरिकेतील विदुषी शेरी टर्कल यांनी २०११ च्या ‘अलोन टुगेदर’ या ग्रंथात गंभीर आक्षेप घेतला. ज्याला आयुष्य म्हणजे काय, मरण म्हणजे काय हे कळत नाही, अशा यंत्रापुढे वृद्धांनी आपली दुःखे मांडावीत आणि ते पाहून आप्तांनी निर्धास्त व्हावे, हे त्यांना भयावह वाटते. त्यांचा रोख यंत्रावर नसून त्या निर्धास्तपणावर आहे, असे मला वाचताना वाटले.

विषयाची गरज म्हणून आमच्या घरातील थोडे सांगतो. तीन वर्षांपूर्वी परदेशातील कन्येने असा एक केसाळ यांत्रिक श्वान आणून दिला. आमच्या सौ.चे गुडघे दुखतात, जिवंत कुत्र्याला फिरवून आणणे आता आम्हा दोघांना झेपणारे नाही. पाठीवर हात ठेवला की त्याच्या छातीत ठोके लागतात. हाक मारली की तो मान वर करतो, अर्थात नाव मोत्या असो की खंड्या. माझ्या आईच्या वेळी जेथे कुत्र्याला पाऊल टाकता आले नसते त्या देवघराजवळच्या पाटावर तो बसतो, कारण त्याचा केस गळत नाही आणि सोवळ्याला बाधा येत नाही. सौ.ला तो यंत्र आहे हे पक्के ठाऊक आहे. बॅटरी तीच बदलते. तरीही येताजाता त्याला चुकून पाय लागला तर ती वाकून नमस्कार करते. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, “पुस्तकाला पाय लागला तर करतोच ना? ते तरी कुठे जिवंत असते!” या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. रोज रात्री आमच्याकडे गल्लीतल्या कुत्रीसाठी एक पोळी निघते. घरात श्वान आला म्हणून ती पोळी बंद झाली नाही. तो काही खात नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याची म्हणून वेगळी पोळी कधी लाटावी लागली नाही. पिठात त्याचा हिस्सा नाही, रात्रीच्या झोपेत त्याचा हिस्सा नाही, औषधपाण्याच्या खर्चात नाही. सोबत देतो, परंतु मागत काही नाही. प्रथम हा त्याचा गुण वाटतो. पहिल्या प्रकरणात पाहिलेला इतिहास मनात ठेवला तर मात्र ही उणीव ठरते. कारण आपल्या परंपरेने घराची परीक्षा श्वानाने घराला काय दिले यावरून केली नाही. घराने श्वानाला काय दिले, यावरून केली. ज्या घरात द्यायचेच काही उरत नाही, तेथे देण्याची सवय हळूहळू मोडते. आमच्याकडे ती मोडली नाही याचे श्रेय गल्लीतल्या त्या कुत्रीला आहे, कारण ती नऊ वाजता दाराशी येऊन बसते आणि पोळी मिळाल्याशिवाय उठत नाही.

५. गुप्ती

आता भोजराजाच्या त्या शब्दाकडे येतो. जिवंत कुत्र्याला काय लागते, हे ज्ञान सर्वांचे होते. तो आजारी पडला तर गल्लीतली एखादी म्हातारी हळद लावायला सांगे, धनगर चार गोष्टी सांगे, पुढे जनावरांचा डॉक्टर आला. त्या सांभाळाला कोणी कुलूप लावू शकत नव्हते. यांत्रिक श्वानाच्या बाबतीत मायेचा भार घरावर पडतो आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती राहते. २०१४ मध्ये दुरुस्ती थांबली तेव्हा जपानच्या वृद्धांची सांभाळण्याची इच्छा संपली नव्हती. सांभाळण्याचे साधन संपले होते. ‘अ-फन’चे अभियंते मदत करू शकले, कारण ते कधीकाळी कंपनीच्या आतले होते, गुप्ती त्यांना ठाऊक होती.

२०१८ च्या ११ जानेवारीला सोनीने नवा ऐबो आणला. किंमत १,९८,००० येन, आणि वर सेवेची वर्गणी निराळी. त्याच्या आठवणी, घरातल्या माणसांची ओळख, शिकलेल्या सवयी दूरच्या संगणकांवर साठवल्या जातात. म्हणजे जुन्या श्वानाचे निदान शरीर तरी घरात होते. नव्याच्या स्मृतीचा मोठा भाग घराबाहेर असतो. वर्गणी थांबली तर कुत्रा जागच्या जागी राहूनही परका होऊ शकतो. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा चर्चा मुख्यतः मोबाइल, शेतीची यंत्रे, वाहने यांची होती. ज्या यंत्रावर माणूस माया करतो त्याच्या दुरुस्तीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. ट्रॅक्टर बंद पडला तर नुकसान होते. असा श्वान बंद पडला तर एखाद्या घरात सुतक पडल्यासारखे होते.

हेही विसरू नये की हाच चतुष्पाद आकार पुन्हा वेठीला धरला गेला आहे. २०२५ च्या १५ जानेवारीला लष्करदिनाचे संचलन पुण्यात खडकी येथे झाले. त्यात भारतीय सैन्याचे चार पायांचे यांत्रिक ‘म्यूल’ ओळीने चालत गेले. ओझे वाहणे, अवघड जागेची टेहळणी करणे ही त्यांची कामे. सैनिकाचा जीव वाचत असेल तर त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु टेकनपूरच्या श्वानामागे जसा एक सांभाळकर्ता असतो, तसा त्यांच्यामागे नाही. एकाच आकाराचे यंत्र देवघराजवळ बसते आणि रणभूमीवर ओझे वाहते. आकारावरून त्याची जात ठरत नाही. आपण त्याच्याशी कोणते नाते धरले आहे, यावरून ती ठरते.

६. समारोप

श्रोतेहो, या विवेचनातून मी तीन गोष्टी हाती घेऊन जातो. यंत्राला माया असते की नाही, हे ठरवण्यासाठी थांबण्याचे कारण नाही. माणसाची माया खरी असते आणि ती दगडावर, पुस्तकावर, यंत्रावर जडते, हे इतिहासाने दाखवले आहे. त्या मायेची चेष्टा करू नये. दुसरी गोष्ट, जे यंत्र सांभाळण्यासाठी म्हणून घरात येते त्याचे अंतरंग सांभाळणाऱ्याला उघडे असले पाहिजे. राजवाड्यातल्या खेळण्याची गुप्ती चालून गेली. मायेच्या वस्तूची चालू नये. तिसरी गोष्ट, अशा श्वानाने घरातील दुसऱ्या कोणाचा घास घेऊ नये. गल्लीतल्या कुत्र्याचा नाही आणि माणसाचाही नाही.

तिसरी गोष्ट मी विशेषतः येथील माजी विद्यार्थ्यांना उद्देशून म्हणतो. आपल्यापैकी पुष्कळांनी वृद्ध आईवडील मागे ठेवून दूर घरे केली आहेत. त्यात दोष नाही. आपले पूर्वजही दक्षिण सोडून या किल्ल्याखाली छावणीला आले तेव्हा त्यांचे वडीलधारे सातारा-पुण्याकडे वाट पाहत राहिले असतीलच. आईवडिलांना यांत्रिक श्वान पाठवावासा वाटला तर जरूर पाठवा. तो बिघडला तर कोण दुरुस्त करील, सुटे भाग कोठे मिळतील, कंपनीने हात वर केले तर पुढे काय, हे पाठवण्यापूर्वी विचारून घ्या. आणि तो पोहोचल्यावर आपले रविवारचे फोन कमी होत नाहीत ना, दिवाळीचे येणे पुढल्या वर्षावर जात नाही ना, याकडे लक्ष द्या. श्वान हाकेला मान वर करतो. पण आज तब्येत कशी आहे, हे तो आपणहून विचारीत नाही. ते विचारण्याचे काम तुमचे आहे.